विसावं नाव

एकोणीस नावं झाली होती, वीस हवी होती. मेहकरच्या कॉलेजात व्यापार-व्यवस्थापनाचा नवा वर्ग निघायचा होता, आणि नागपूर विद्यापीठानं लिहून कळवलं होतं की शनिवारपर्यंत वीस विद्यार्थी भरले तरच वर्ग. नाहीतर तो शिकवायला आलेल्या रंगराव सरांनी गाशा गुंडाळावा आणि त्या एकोणीस जणांनी वाट्टेल तिकडे जावं.

रंगराव सर महिनाभर एस.टी.नं गावोगाव फिरले. भांडवल कसं उभं करावं, धंद्याचा डाव कसा मांडावा, आपल्या कापसाचा भाव विलायतेत लिव्हरपूलच्या बाजारात हलला की इथं का हलतो, सारं घसा कोरडा होईस्तोवर सांगत. लोक चहा पाजत आणि म्हणत, "दुकानदारी शिकाले कॉलेज कायले पायजे, सर?"

गुरुवारी, मेहकरच्या बालाजीला नमस्कार करून, ते साखरखेर्ड्याच्या गुरांच्या बाजारात गेले. बैलांचे दलाल गुलाबराव तिथं बसत. त्यांची मुलगी शालू मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरीच होती.

"पोरीले धंदा शिकवणार?" गुलाबराव हसले. "सर, तुमी सोताच कधी बैल इकला का?"

"नाही."

"मंग आज इका. हा पांढरा गेला, तर शालूचं नाव लिहा." मग कानाशी लागून म्हणाले, "दुपार झाली का औतात बसते बरं तो. पर ते बोलाचं नाही. ज्याले घ्याचा त्यानं पाहावा."

तेवढ्यात पुंजाजी आले. बीबी गावचे म्हातारे शेतकरी. त्यांचा बैल आठ दिवसांपूर्वी मेला होता, आणि पिकातली डवरणी, म्हणजे कोळपणी, अडली होती. गुलाबरावांनी सरांच्या हातावर रुमाल टाकला. भाव त्या रुमालाखाली, बोटं धरून ठरायचा, बाकीच्यांना कळू नये म्हणून. एक बोट म्हणजे शंभर. म्हाताऱ्यानं सरांची तीन बोटं धरली. हात खरखरीत होता.

आता नुसतं हो म्हटलं की विसावं नाव. सरांना तो मिळणारा वर्ग दिसत होता, बाकंसुद्धा. पण धंद्यातल्या जबाबदारीवर ते पुढं तासभर बोलणार होते ते कोणत्या तोंडानं?

"पुंजाजीबुवा, बैल चांगला आहे," ते म्हणाले. "पण दुपारनंतर औतात बसतो."

आजूबाजूचे दलाल खो खो हसले. "गुलाबराव, मास्तर तुमाले बुडवते बे!"

गुलाबरावांचं तोंड लाल झालं. पुंजाजी मात्र बैलाभोवती एक चक्कर मारून आले, त्याच्या वशिंडावर हात ठेवला.

"वावर कितीक आहे माह्यं? तीन एकर," ते म्हणाले. "दुपारनंतर मीबी बसतोच. दोघंबी बसू. पर आता भाव उतरवा लागल, गुरुजी."

रुमाल पुन्हा पडला. या खेपेला दोन बोटं आणि एक अर्धं, म्हणजे अडीचशे. सरांनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग होकाराची मान डोलावली.

बैल गेल्यावर सरांनी वही पिशवीत घातली, छत्री उचलली.

"चालले कुठं?" गुलाबरावांनी विचारलं.

"गाडी आहे चारची. तुमचं नुकसान झालं, माफ करा."

"इकला का नाही? इकला ना? मंग!" गुलाबराव ओरडले. "शब्द दलालाचा आहे, सर. त्यावरच आमचं घर चालते. लिहा, शालू गुलाबराव." आणि सर लिहायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "पर पोरीले येवढं खरं बोलणं नका शिकवू. नाहीतर एका वर्षात माहा बाजार उठवल ते."

शनिवारी वीस नावांचा कागद नागपूरला गेला. सरांनी त्या गुरुवारच्या एस.टी.च्या तिकिटाची घडी वहीत ठेवली, आणि पहिल्या तासाला पुस्तक न उघडता त्या पांढऱ्या बैलाचीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाकावर शालू बसली होती. ती एकटीच हसली नाही, तिनं हात वर करून विचारलं, "सर, पुंजाजीबाबांची डवरणी झाली का पण?"