कुलसुमआपाच्या हाताले मुंग्या

अमरावतीच्या इतवाऱ्यात कोणालेही विचारा, कुलसुमबीचं बांगड्यांचं दुकान कुठं आहे, तं तो रस्ता सांगायच्या आधी तिच्या हाताचं कौतुक सांगते. बाईचा पंजा नुसता दाबून पाहिला की तिले माप समजते. "सव्वादोन लागन तुले. अडीच घालून काय नालीत पाडते?" असं तोंडावर सांगते आन गिऱ्हाईक हसत हसत ऐकून घेते. नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात, रिद्धपूरच्या यात्रेत ती दुकान लावते, तं बाया दुसऱ्या दुकानांवरून पुढं येऊन तिच्याच समोर हात धरून बसतात. निंदण करून करून राकट झालेला हात असो, ती अंगठ्याखालचं हाड असं काही दाबते की काचेची बांगडी सुरसुर आत जाते. तीस वर्षांत तिच्याकडून कोणाच्या हातात बांगडी वाढली नव्हती. वाढली म्हणजे फुटली, पण आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

मी तिले आपा म्हणते, ती मले शालूबाई म्हणते. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. रागावणं माझ्या पगारातच धरलेलं आहे, आन घरी आली तरी ती सवय जात नाही. आपाले शुगर निघाली, डॉक्टर म्हणे रोज चाला, तवा मीच तिले सकाळी छत्री तलावावर नेलं. पोराचे बूट घालून आली होती, त्यात कापूस कोंबून. तीन दिवस आमी गुमान चाललो. चवथ्या दिवशी एक कुत्रं मागं लागलं आन आपा पळाली. कुत्रं थांबलं, पण आपा काही थांबली नाही.

"आपा, कुत्रं गेलं वं!" मी मागून वरडली.

"जाऊ दे! मले मजा येऊन राहिली!"

बावन्न वर्षांची बाई, ओढणी कमरेले खोसून तलावाच्या रस्त्यानं पळून राहिली आन खिदळून राहिली. त्या दिवसापासून चालणं बंद झालं, पळणं सुरू. मीही धापा टाकत तिच्या मागं.

आता अडचण होती बांगड्यांची. चुडीवालीचा हात रिकामा दिसला तं गिऱ्हाईक उठून जाते, हे तिच्या सासूचं सांगणं. सासू जाऊन पंधरा वर्षं झाली, पण आपाचे हात एक दिवस रिकामे नाही राहिले. दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या. ती पळे तं छन छन छन छन. तलावावरचे म्हातारे म्हणत, "आला बावा पोळ्याचा बैल." ती हसे, पण माझं डोकं उठे. मी म्हटलं, "काढून ठेव ना." ती म्हणे, "ते होत नाही." मंग मीच तोड काढली. माझ्या पोरीचे, पायलचे, शाळेतले जुने पायमोजे होते. त्यांची वरची लवचीक पट्टी कापली आन आपाले दिली. बांगड्या कोपराकडं वर चढवायच्या, त्यावर मोज्याची पट्टी घट्ट बसवायची. आवाज बंद. मी माझ्या अकलेवर लय खूश होती.

महिना-दीड महिना गेला. एका दिवशी पळता पळता आपा हात झटकायले लागली.

"मुंग्या येऊन राहिल्या हाताले."

मी लगेच मास्तरीण झाली. "मुठी काहून आवळते? खांदे कानाले काहून लावते? ढिले सोड." तिनं ढिले सोडले, इतके ढिले का हात उडून जातात का काय असं वाटे. मुंग्या तशाच. केळं खाऊन पाहिलं, रात्री तेल लावून पाहिलं. दोन चकरा झाल्या की बोटं झिणझिण करत, तिसऱ्या चकरेत पंजा बधिर. ती म्हणे, "हात माझाच आहे का कोणाचा उसना आणला, समजत नाही." आन हसे. मले वाटलं, हसून राहिली म्हणजे काही मोठं नसन.

मंग एका सकाळी ती तलावावरून सरळ दुकानात गेली. एक बाई हात धरून बसलेली होतीच. आपानं पंजा दाबला आन लागोपाठ दोन बांगड्या वाढल्या. बाईच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. हे मले आपानं नाही सांगतलं, तिचे मालक कुर्बानभाई सांगून गेले. म्हणे, "तिच्या अम्मीले लकवा मारला होता ना, त्याच्या आधी अशाच मुंग्या येत. कोणाले बोलत नाही, पण सकाळची दुकानात बसत नाही आता." इतकं बोलून ते चूप बसले. कुर्बानभाई चूप बसले म्हणजे गोष्ट खरी, नाहीतं तो माणूस झोपेतही बोलते.

त्यातच पायलचं लग्न पंधरा दिवसांवर आलं. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, पण लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायचा कार्यक्रम माझ्या मायनं कधी सोडला नाही आन मीही नाही. आपा घरी आली आन उभ्या उभ्याच म्हणे, "शालूबाई, पायलसाठी दुसरी चुडीवाली पाह."

मी असली भडकली! "माझ्या लग्नात तुया सासूनं भरल्या. आता पोरीच्या लग्नात तू नाही भरणार तं कोण, मी भरू? लाज नाही वाटत?"

तिनं दोन्ही पंजे माझ्या पुढं धरले. "बांगडी हाताले लागतच नाही मले. हाड कुठं आहे ते समजत नाही. नव्या नवरीच्या हातात वाढली तं मी तोंड कुठं लपवू? तुये पाव्हणे काय म्हणतीन? तीस वर्षं या हातावर जगली मी." आन ओढणी तोंडाले लावून रडली. माझा राग कुठल्या कुठं गेला. जिवाले लागलं.

दुसऱ्याच दिवशी तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मान वळवून पाहिली, पंजात पंजा घालून जोर पाहिला, सुई टोचून पाहिली. सारं ठीक. शुगरही उतरलेली. "हे कधी होते?" "पळताना." "तं आठ दिवस पळू नका, मंग पाहू."

बाहेर पायरीवर आपा मटकन बसली. "हात राहिले तं पळणं गेलं."

"जाऊ दे ना वं पळणं," मी म्हटलं.

"तुले काय जाते म्हणायले? पहाटे उठल्यापासून लोकांचंच करते मी. हा एक घंटा माझा होता."

मले पळताना कधी तसं वाटलं नव्हतं, मी तं तिच्या सोबतीले पळे.

आठ दिवसांत मुंग्या गेल्या. आपा बांगड्या भरायले आली, पण मनातली धाकधूक तिच्या चेहऱ्यावर दिसे. घर पाव्हण्यांनी भरलेलं. दोऱ्यात बांधलेले हिरव्या बांगड्यांचे तोडे पुढं मांडले. पायल हात पुढं करून बसली. आपानं बिस्मिल्ला म्हटलं, पायलचा डावा पंजा हातात घेतला आन तिथंच थांबली. मी मनात म्हटलं, मेलो.

"हात काहून थंडा आहे तुया? आन बोटं काहून सुजली?"

"मुंग्या येऊन राहिल्या मावशी, मघापासून," पायल म्हणे.

आपानं पायलची बाही वर सारली. पोट्टीनं बांगड्यांले जागा व्हावी म्हणून मनगटावरचं घड्याळ कोपराखाली चढवून पट्टा घट्ट ओढून ठेवला होता. "काढ आधी ते! रगत कुठून येईन बोटात? बिनडोक पोरगी, हाताले असं आवळून कोणी..."

तिचं बोलणं अर्ध्यात राहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं.

"शालूबाई," ती हळूच म्हणे, "तुये मोजे!"

"या बाई!" मी कपाळावर हात मारला. डझनभर बांगड्या कोपरापर्यंत चढवलेल्या, वरून पायमोज्याची पट्टी, आन मी तिले केळं खा म्हणून सांगून राहिली होती. डॉक्टरले तरी काय दोष द्यायचा, दवाखान्यात जाताना पट्ट्या कोण घालते? साऱ्या अमरावतीचे हात ओळखणारी बाई, तिले स्वतःचा हात आवळलेला समजला नाही, आन मले तं काहीच समजलं नाही. पाव्हण्यांसमोर आमी दोघी इतक्या हसलो की माझ्या नणदेले वाटलं आमी तिलेच हसून राहिलो. अजून रुसलेली आहे.

आपानं पायलचा पंजा चोळून गरम केला. मंग हाड दाबलं आन दोन्ही हातांत एकवीस एकवीस बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही. शेवटची गेली तवा तिनं पायलच्या हाताचा मुका घेतला, आन मी तिथंच सर्वांसमोर रडली. रडू आलं तं रडायचं, त्यात काय.

लग्न झाल्यावर चवथ्या दिवशी आमी तलावावर गेलो. तिनं सासूची मनातल्या मनात माफी मागतली, बांगड्या काढून रुमालात बांधल्या आन रिकाम्या हातानं पळाली. चार चकरा झाल्या. मुंग्या नाही, झिणझिण नाही. मंग कठड्यावर बसून तिनं रुमाल सोडला आन हात माझ्या पुढं धरला. "भर."

"मी?"

"मंग का कुत्र्याले सांगू? दुकानापर्यंत रिकाम्या हातानं जाऊ का मी? भर. हे हाड दाब."

तिचा हात मी पहिल्यांदाच असा धरला. तीस वर्षं दुसऱ्यांचे हात धरणारी बाई, तिचा हात धरून कोणी बसलंच नसन. मले काय माहीत किती जोर लावायचा? लावला सारा.

"अवं मेली, दुखते ना!" आपा किंचाळली. मंग माझ्याकडं पाहून अशी हसली, अशी हसली. "दुखते वं शालूबाई! दाब अजून."