नळाच्या मुंग्या

माझ्या बऱ्याच चुका मी चारचौघांत हसत हसत सांगतो. ही एक सांगायची म्हटली की अजून मान खाली जाते, म्हणून तोंडानं सांगण्यापेक्षा लिहून टाकतो.

जोयडा तालुक्यातल्या गुंद गावाच्या पुढे, जंगलाला लागून आमचं घर. दादा आणि वहिनी भातशेती बघतात, मी सुतारकाम करतो. घराला लागून जीप ठेवायची शेड होती. जीप विकली तसं मी त्या शेडमध्ये वर्कशॉप थाटलं. एक रंधा मशीन, एक कटर आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. वीज घरातूनच ओढलेली, तीही एका जुन्या वायरवर. मशीन सुरू झालं की स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणायचा आणि फ्यूज तर उठताबसता उडायचा. मग मी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून त्या फ्यूजमध्ये घातले. फ्यूज उडायचा थांबला आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो. धोका आला की आधी तुटावी म्हणून बसवलेली वस्तू तुटूच नये, असा बंदोबस्त मी केला होता.

हे थोडंफार ज्ञान मला गावच्या जुन्या वायरमननं दिलेलं. आमच्या घराचं वायरिंग त्याच्याच हातचं. तो वारल्यावर लोक बारीकसारीक कामांना मला बोलवू लागले. खिशाला टेस्टर अडकवून फिरायची मला हौस होती. कुणी 'वायरमन' म्हणून हाक मारली की मी ओ देत असे, चूक दुरुस्त करत नसे.

आमचं घर लाइनच्या शेवटाला. मशीनला जोर मिळेना, कारण वीज ज्या तारेनं परत जाते ती तारच कमजोर पडली होती. यावर आमच्या भागात एक उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: परतीची तार सरळ जमिनीत सोडायची. तो उपाय धोक्याचा आहे हे जुन्या वायरमननं मला बजावून सांगितलं होतं. मी तो केला तर केलाच, वर ती तार पुरायला खड्डा खणायचाही कंटाळा केला. तार नेऊन परसातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायचं ठरवलं. पाइप गंजलेला. वहिनी तिथंच भांडी घासत होत्या. त्यांना म्हटलं, एवढा वीतभर पाइप जरा लख्ख करून द्या. त्यांनी राख आणि काथ्या घेऊन तो सणासुदीच्या तांब्यासारखा घासून दिला. तार छान बसली, मशीन गरगरा फिरू लागलं.

थोड्या दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "भावजी, नळापाशी मुंग्या येत्यात."

आमच्याकडे मुंग्यांचं कुणाला काय कौतुक? जंगलातल्या तांबड्या मुंग्यांची चटणी करून खाणारी माणसं आम्ही. मी जोयड्याच्या बाजारातून मुंग्यांची पावडर आणली आणि नळाभोवती गोल टाकून दिली. काम झालं असं समजून विसरलो.

पुढे एकदा दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. वहिनींनी पुन्हा तोच विषय काढला. पावडरीनं काही फरक नाही म्हणाल्या, आणि भीत भीत पुढे म्हणाल्या की माझं मशीन चालू असलं की मुंग्या येतात, बंद असलं की येत नाहीत. दादाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मशीनचा आवाज ऐकून मुंग्या वरातीला निघतात काय, असं मी विचारलं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

खरं सांगायचं तर हसता हसताच माझी नजर वहिनींच्या हातांकडे गेली. मुंग्या नळाला नव्हत्या, त्यांच्या हाताला येत होत्या. हे मला त्या क्षणी कळलं, की कळू लागलं आणि मी ते दाबलं, यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. आता घालत नाही. मला कळलं होतं. पण तार काढली असती तर मशीन बंद पडलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे वायरमन म्हणून मिरवणाऱ्या माझीच चूक झाली असं भर पंगतीत कबूल करावं लागलं असतं. मी ताक मागून घेतलं आणि भात कालवला.

त्यानंतर वहिनींनी तक्रार केली नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कुठून तरी आणून त्यांनी नळाच्या चावीवर चढवला आणि पायाखाली लाकडाची फळी टाकली. फळी माझ्याच वर्कशॉपमधली होती. येणारेजाणारे त्या ट्यूबला हसायचे. मीही हसायचो. अख्खा पावसाळाभर, ओल्या हातांनी, त्या त्याच नळावर भांडी घासत होत्या.

यंदा मी मोठं मशीन घ्यायचं ठरवलं. दादानं अट घातली की रामनगरचा लायसनवाला वायरमन येऊन लाइन नवी करून देईल, मगच मशीन घरात येईल. तो आला. आधी आहे ते मशीन चालवून दाखवा म्हणाला. मी चालवलं. तो बोर्डाची धूळ लागलेले हात धुवायला नळाकडे गेला आणि ट्यूब बघून थबकला. ट्यूब सरकवून त्यानं नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मशीन बंद करायला लावलं, टेस्टर विझला. पाइपावरून हात न फिरवता नुसत्या नजरेनं तो माझ्या तारेपर्यंत पोचला.

"हे कुणी जोडलं?"

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "आधीच्या वायरमननं."

मेलेल्या माणसाला तो बराच वेळ बोल लावत राहिला. याला वायरमन म्हणायचं की कसाई, असंही म्हणाला. मी मान डोलवत होतो. वहिनींनी चहा कट्ट्यावर ठेवला आणि आत गेल्या.

काम दोन दिवस चाललं. त्यानं मीटरजवळचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकूनही कुणी लाइन चालू करू नये. तरीही प्रत्येक वायर हातात धरण्याआधी टेस्टर लावून बघायचा. शेडसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर टाकली, प्रत्येक मशीनला भार वाढला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी दिला, आणि जरा कुठं वीज गळाली की लाइन तोडणारा एक स्विच सगळ्यांच्या आधी बसवला. परतीची तारही नवी, मीटरपर्यंत. अर्थिंगसाठी शेडमागे खड्डा मी खणला. कमरेइतका गेल्यावर जांभा दगड लागला, तो पहारीनं फोडला, आणि कोळसा-मीठ घालून खड्डा भरला. मी कंटाळा केला होता तो हाच खड्डा. हाताला फोड आले, त्याचं मला बरंच वाटलं.

वायरमन गेल्यावर वहिनी नळावर आल्या. मी तिथंच पाइपावरचे तारेचे वळ बघत उभा होतो.

"हितं मीच घासून दिलतं, भावजी," त्या म्हणाल्या. "मला मुंग्या आल्या, त्येचं काय न्हाई. पर मेलेल्या माणसाचं नाव कशाला घेतलंसा?"

मी त्यांच्यासमोरच रामनगरच्या वायरमनला फोन लावला आणि ती तार माझी होती असं सांगितलं. मग त्यानं विचारलं, नळावर ट्यूब कुणी चढवली? वहिनींनी, मी म्हटलं. घरात वायरमन मग त्याच आहेत, तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दादाला मी त्याच दिवशी जेवताना सगळं सांगितलं. तो हसला नाही. अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू ठेवून मी नळाला टेस्टर लावला, मग उघडा हात लावला. काही नव्हतं. वहिनींना बोलावून दाखवलं आणि ट्यूब काढायला लागलो.

"ऱ्हाऊ दे ती," त्या म्हणाल्या, आणि फळीवर पाय ठेवून भांडी घासायला बसल्या.