मामाचे हात

मामा आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ट्रायल घ्यायचा. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो पळवून बघणार, काउंटरवर येऊन मला काय ते सांगणार, मी लिहून घेणार, मगच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. एकवीस वर्षं हेच. "कुठला बोल्ट सैल आहे ते माझे तळवे सांगतात," असं तो म्हणायचा. ते खरंही होतं, म्हणून तर सगळे त्याची मिजास खपवून घेत.

त्यातही नेकेड स्पोर्ट बाइकवर त्याचा फार जीव. "इंजिन उघडं, पुढे काच नाही. शंभरच्या पुढे वारा छातीत गुद्दे मारतो. पण जरा मूठ पीळ, गियर न बदलता कशी उसळते! आणि हँडल असं रुंद, की मनात आणलं तरी वळते." मला सायकलही धड येत नाही, पण ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ.

या हिवाळ्यात त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मामी लावून द्यायची. मी चेष्टा केली, "या वयात लाड?" तो हसला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

परवा तशीच एक बाइक आली. तक्रार एकच, पाच हजार आरपीएमला हँडल थरथरतं. मेकॅनिकने काम केलं, मामाने ट्रायल घेतली. "लोणी झालंय नुसतं! ओके लिही." मी लिहिलं. तासाभरात गिऱ्हाईक चिडून परत. मेकॅनिकने गाडी जागेवरच रेझ केली आणि हात झटकला. "मामा, अहो मुंग्या आल्या हाताला! इंजिनाचा बोल्ट सैल राहिलाय."

मामाने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः मुठी धरल्या. काटा पाच हजारांवर नेला. गाडीच्या आरशात त्याचा चेहरा इतका थरथरत होता की ओळखू येईना. तो आरशाकडे बघत राहिला, मग हातांकडे.

"हातांना काहीच कळत नाहीये गं," तो मला म्हणाला.

मग काउंटरवर आला. "नवीन कागद घे. लिही, थरथर आहे. ट्रायल घेणाऱ्याला कळली नाही."

"दुसरं वाक्य कशाला, मामा? तेवढ्यावरून काढतील तुला."

"उद्या ब्रेकचं कळलं नाही म्हणजे? लिही."

मला त्याचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त. लिहिलं. सही करताना पेन त्याच्या बोटांतून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा मीच त्याची मूठ धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याची नोकरी संपवली.