चोर स्विच

भाचीच्या साखरपुड्याला बाराच्या आत चांदवड गाठायचं होतं, आणि माझी जुनी गाडी पिंपळगावच्या पुढे बंद पडली. समोरच्या टपरीतला वायरमन आला. माझी अस्सल कॉईल काढून हा डुप्लिकेट चिकटवणार, याची मला खात्री होती. मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. त्यालाही असल्या नजरांची सवय असावी. काढलेला प्रत्येक स्क्रू तो मुकाट्याने माझ्या तळहातावर ठेवत गेला.

त्याने मीटर लावला. "बॅटरीवर बारा व्होल्ट हाय, कॉईलपर्यंत आठच येतंय. मधी कोण खातंय? चोर स्विच बसवलाय का?"

"नाही," मी ठणकावलं. चोराने गाडी पळवू नये म्हणून लपवलेला स्विच परक्याला कोण दाखवतं?

तो वायरवर बोट फिरवत सीटखाली पोहोचला. स्विच तापून काळा पडला होता. तोही त्याने माझ्या हातातल्या स्क्रूंवर ठेवला आणि वायर थेट जोडली. इंजिन लगेच सुरू झालं.

"काका, चोर एकदाबी आला नसंल," तो हसला, "राखणदारच रोज खात होता."

साखरपुडा वेळेवर गाठला. पण हॉलमध्ये मी खिडकीजवळचीच खुर्ची धरली. गाडीला आता चोर स्विच नव्हता, आणि हे माझ्याशिवाय फक्त त्या वायरमनलाच ठाऊक होतं.