आतून लावलेली कडी

कोरपन्याच्या बाजारात कपाशीवरच्या फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लकव्याने त्याच्या आईचा उजवा हात गेला. सून आंघोळ घालायची, तेव्हा म्हातारी लाजेने रडायची. मग त्याने कोऱ्या पंपाला पायाने दाबायचा पायटा जोडला. तो दाबला की डोक्यावर पाणी, आणि चोळायला डावा हात मोकळा. पहिल्या दिवशी नुसतेच तुषार उडाले.

"मी का कपाशी होय, मले फवारून राह्यला?" म्हातारी कडाडली.

त्याने नोझलची भोकं मोठी केली.

एकदा ते यंत्र दाखवायला त्याने मला हौसेने घरी नेलं. न्हाणीचं दार बंद होतं, आत पाणी पडत होतं. छाती फुगवून तो म्हणाला, "थांबा लागन, भाऊ. मायनं आतून कडी लावली."