सासूबाईंची शिकवणी

सासूबाई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करतात. घरी येतात ते पाय ओढत, आणि टेकतात न टेकतात तोच आतून मावशींची हाक येते. मावशी म्हणजे त्यांची थोरली बहीण. लहानपणी आईला कळू नये म्हणून दोघींनी एक भाषा रचली होती. आजारपणात मावशींची रोजची बोली गेली, ही तेवढी उरली.

"मलाही शिकवा, तुम्हाला जरा पाठ टेकता येईल," मी म्हटलं.

"शीक बाई, सुटेन एकदाची," म्हणत त्यांनी क्रियापदं चालवून दाखवली. पिणं म्हणजे 'लुम'. मी पिते, 'लुमरा'. तू पी, 'लुमका'. मी घोकलं. पण पेला पुढे करून 'लुमका' म्हटलं की मावशी तोंड फिरवायच्या आणि सासूबाईंना हाक मारायच्या.

"तुला नाही जमायचं," म्हणत सासूबाई कण्हत उठायच्या.

काल मी दाराआड उभी होते. पेला मावशींच्या ओठांना लावून सासूबाई हळूच म्हणाल्या, "लुमशी." मावशी गटागटा प्यायल्या. सासूबाईंचा चेहरा इतका निवलेला मी कधी पाहिला नव्हता.

डोकं तापलं माझं. इतके दिवस मुद्दाम चुकीचं शिकवत होत्या! पण रात्री तो निवलेला चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

आज सकाळी पेला घेऊन मी मावशींपाशी गेले आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हटलं, "लुमका."