एका शतांशाची दुरुस्ती

आमच्या शेजारच्या युसूफभाईंच्या मोटारसायकलला काहीही झालेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे तिला जे जे झालं, ते मी केलं.

युसूफभाई कुवेतला नोकरीला. गाडी अडीचशे सीसीची, एका सिलेंडरला चार व्हॉल्व्ह. जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणायचे, "गोरेभाई, दर रविवारी पाच मिनिटं चालू करा. बस, और कुछ नहीं."

मी दर रविवारी नऊ वाजता ती बरोबर पाच मिनिटं चालू करायचो आणि वहीत नोंद करायचो. (तोवरच्या तीन वर्षांत एकच रविवार चुकला. अंगात एकशे दोन ताप होता. ती पाच मिनिटं सोमवारी भरून काढली.)

सुट्टीवर आले की युसूफभाईंचा एक नेम असे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अब्बांना मागे बसवायचं, कर्नाळ्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. एवढंच. पण अब्बा वर्षभर त्याच चहावर जगत. त्या वर्षी युसूफभाईंना सहाच दिवसांची सुट्टी मिळाली होती, मंगळवार ते रविवार. अब्बा आठवडाभर आधीपासून मला जिन्यात गाठून विचारायचे, "बेटा, गाडी ठीक हाय ना?"

"एकदम ठीक, अब्बा."

इथे थांबायला हवं होतं. पण मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. छापील आकडा दिसला की मला तो पाळावासा वाटतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, चोवीस हजार किलोमीटरला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, तपासावेत. गाडी झाली होती तेवीस हजार नऊशे शहाऐंशी. कर्नाळ्याच्या वाटेत, बापलेक गाडीवर असताना, चोवीस हजार पूर्ण होणार! माझ्या ताब्यातली गाडी मी अशी कशी परत देणार?

आता या गाडीचे टॅपेट स्क्रू फिरवून सेट होत नाहीत. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर शर्टाच्या बटणाएवढी पोलादी चकती असते, तिला शिम म्हणतात. फट कमी असेल तर पातळ शिम घालायची, जास्त असेल तर जाड. फट मोजायला फीलर गेज लागतं, शिम मोजायला मायक्रोमीटर. दोन्ही मी नेऱ्याच्या रस्त्यावर लेथ चालवणाऱ्या पाटलांकडून शनिवारी सकाळी मागून आणलं.

"गोरेभाऊ, उद्या बारापर्यंत पायजे हां," पाटील म्हणाले. "भाच्याची हलद हाय. शनिवारपर्यंत कारखान्याला टालं."

"बाराला एक मिनिट कमी असताना आणून देतो."

"आन् तुमाला येतं का ह्ये?"

"पुस्तकात सगळं दिलंय."

"मंग झालं कल्यान!"

मी फटी मोजल्या. तीन व्हॉल्व्ह चोख. चौथ्याची फट शून्य दशांश वीस ते पंचवीस मिलिमीटर हवी होती, ती भरली शून्य दशांश एकोणीस. एक शतांश मिलिमीटर कमी! दुसऱ्या कोणीही झाकण लावून हात धुतले असते. मी मात्र चारही शिम बाहेर काढल्या. बदलायची होती एक, पण काढल्याच आहेत तर चौघींची नोंद असावी, हा माझा विचार. त्यांच्यावरचे आकडे झिजून गेले होते, म्हणून मायक्रोमीटरने जाडी मोजून वहीत लिहिली आणि कुठली शिम कुठली हे कळावं म्हणून चार खणांच्या एका स्टीलच्या डब्यात, प्रत्येक खणात चिठ्ठी घालून, नीट ठेवली. बदलायची शिम मुंबईहून सोमवारी येणार होती.

रविवारी अकरा एकोणसाठला मी मायक्रोमीटर आणि फीलर गेज पाटलांच्या हातात दिलं. त्यांनी घड्याळ बघून मला हात जोडले. आयुष्यातला माझा तो शेवटचा अभिमानाचा क्षण.

संध्याकाळी घरी पाहतो तर डबा जागेवर नाही.

"सुनंदा, इथला डबा?"

"तो ना? वरच्या मजल्यावरच्या भाभींकडून सांदणं आली होती त्यातून. कधीचा राहिला होता. दिला परत."

"परत दिला?"

"रिकामा नाही हो दिला! घासून, नारळाच्या वड्या भरून दिला. रिकामं भांडं कुणी परत देतं का?"

"आणि आतल्या शिम?"

"कसल्या शिमा? ती चार बटणं होय? ती ठेवलीयत की." तिने मोठ्या विश्वासाने वाटी पुढे केली. "एकही टाकलेलं नाही. चिठ्ठ्या तेवढ्या ओल्या झाल्या म्हणून टाकल्या."

वाटीत चार शिम होत्या, घासून लखलखीत, एकसारख्या. फरक शतांशांचा. मी हिशेब केला. चार शिम चार जागी बसवायचे चोवीस प्रकार. त्यातला एकच बरोबर. आणि मोजायची साधनं नेऱ्याच्या रस्त्यावर कुलपात! (बायकोवर ओरडता येईना. दुसऱ्याच्या डब्यात तिसऱ्याच्या गाडीचे भाग मी ठेवले होते.)

मंगळवारी युसूफभाई आले. दारातूनच म्हणाले, "गोरेभाई, चावी!"

"सर्व्हिसिंग चालू आहे. उद्या."

बुधवारी म्हणालो, उद्या. गुरुवारी अब्बा इस्त्रीचा सदरा घालून खाली येऊन बसले. गाडीवरच्या चादरीकडे बघत म्हणाले, "हिला बरं नाय का?" मी म्हणालो, "किरकोळ आहे, अब्बा." शुक्रवारी युसूफभाईंनी चादर उचलली. आतलं उघडं इंजिन पाहून हळू आवाजात म्हणाले, "मी पाच मिनिटं चालू करा म्हणालो होतो ना?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री जेवताना मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती घास थांबवून म्हणाली, "जाडीत फरक आहे, म्हणजे वजनातही असेल. सोनाराकडे चला."

पाच दिवस हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! शनिवारी बाजारात सोनाराने शिम तळहातावर घेतल्या. "मोडीत घालायच्यात?"

"नाही. फक्त वजन करून द्या. मिलिग्रॅममध्ये."

"पण हे तर लोखंड आहे."

"आमच्या यांच्यासाठी सोनंच आहे ते," सुनंदा म्हणाली.

काट्यावर सगळ्यात जवळच्या दोन शिममध्येही सतरा मिलिग्रॅमचा फरक निघाला. जाड ते पातळ अशी रांग लागली, वहीतल्या आकड्यांशी जुळली. मी घरी धावलो. त्यातल्या तीन आणि मुंबईहून आलेली चौथी नवी शनिवारीच बसवल्या, तर इंजिनातली टाइमिंग चेन एक दाता चुकून बसली. रविवारी सगळं पुन्हा उघडलं. दुपारी पाटील स्वतः फीलर गेज घेऊन आले. हळदीत नाचून आणि ओरडून त्यांचा घसा बसलेला.

"आदी किती व्हती?" त्यांनी फट मोजत घोगऱ्या आवाजात विचारलं.

"एकोणीस."

"आता चोवीस हाय. आन् पायजे किती?"

"वीस ते पंचवीस."

"म्हंजे एका शतांशासाठी तुमी बापलेकांचा आठवडा घालवलात?"

आकडा बरोबर होता.

गाडी साडेचारला चालू झाली. इतकी गोड, की पाटीलसुद्धा म्हणाले, "नाय, आवाज झ्याक हाय." विमानतळाची टॅक्सी चारला गेली होती. मी गाडी युसूफभाईंच्या दारासमोर नेऊन उभी केली. घेतलेली वस्तू रिकामी परत करू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली होती. अब्बा खिडकीत बसले होते. म्हणाले, "आवाज बरा झाला, बेटा. पुढल्या साली जाऊ."

पुढच्या साली युसूफभाई महिनाभरासाठी आले, पण अब्बांचा गुडघा सीटवरून पलीकडे जाईना. दोघं रिक्षाने कर्नाळ्याला गेले. अब्बा परत येऊन म्हणाले, चहा तोच होता. तेवीस हजार नऊशे शहाऐंशीचा आकडा त्या दिवशीही जवळपास तिथेच होता.

त्या खेपेला जाताना युसूफभाईंनी चावी दिली, पण सुनंदाच्या हातात. गाडीच्या पान्यांचा संच ते कुवेतला घेऊन गेले.

तेव्हापासून दर रविवारी नऊला मी बायकोकडून चावी मागून घेतो, तिच्या देखरेखीखाली गाडी पाच मिनिटं चालू करतो आणि नऊ वाजून सहा मिनिटांनी चावी परत देतो. रिकाम्या हाताने देत नाही. सोबत चहा करून देतो.